दशांशानंतरचा अकरावा आकडा

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला पडद्यावर एकाखाली एक एक्केचाळीस लाल ओळी उमटल्या. एकेक ओळ म्हणजे कुणाचं तरी बंद पडलेलं गणित. कुणाचं तीन आठवडे चाललेलं, कुणाचं दोन महिने. प्रत्येक ओळीच्या शेवटी तक्रार एकच होती: लायब्ररी सापडत नाही.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. त्या संशोधन संस्थेच्या तळघरात एकशेवीस कॉम्प्युटर एका मोठ्या गणितावर मिळून राबायचे. अशा जथ्याला तिथे क्लस्टर म्हणत. एकशेवीस जणांनी एक काम वाटून घ्यायचं तर एकमेकांशी बोलायला हवं. तुझं किती झालं, माझं एवढं झालं, चला बेरीज करू. हे बोलणं ज्या तयार प्रोग्रॅमांच्या संचावर चालायचं, ती लायब्ररी. संस्थेत तिच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, एक जुनी आणि एक नवी. ज्याला जी हवी ती त्याने वापरावी. त्या सकाळी जुनीच्या जागी काहीच नव्हतं. अख्खा फोल्डर गायब.

आदल्या दिवशी, रविवारी, सगळी गणितं आहेत तिथे थांबवून सगळ्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्यात आली होती; सोमवारी सकाळी ती तिथूनच पुढे सुरू व्हायची होती. ती बदलणारा माणूस एकच होता. सगळी संस्था त्याला मामा म्हणायची, आणि त्या सकाळी सगळी संस्था मामाच्या नावाने खडे फोडत होती.

२

बुधवारी दुपारी बाई आल्या. उभा जन्म अशाच यंत्रांवर काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आता कुठे असं काही विचित्र घडलं की त्यांना बोलावणं यायचं. एक बॅग, एक वही, पाहुण्यांच्या खोलीची किल्ली. अशा खोल्या त्यांना पाठ झाल्या होत्या. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर कुणालाच नको असलेलं एक चित्र. पोचल्यावर फोन कर असं म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे बॅग ठेवून लगेच कामाला लागता यायचं. लोकांना तो उत्साह वाटायचा.

संचालक घाईत होते. "मामाला तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचंय. त्याआधी त्याच्यावर कारवाई करायची माझी इच्छा नाही. पण चूक झाली तर झाली म्हणायला नको? तो म्हणतो, मी हातच लावला नाही. शुक्रवारी मला लेखी काहीतरी द्या."

"मुद्दाम केलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

संचालकांनी खांदे उडवले. "रविवारी मी विमानात होतो. मामाला विचारा."

मामा तळघरात भेटले. पंख्यांच्या आवाजात त्यांना मोठ्याने बोलायची इतकी सवय झाली होती की शांत खोलीतही ते ओरडूनच बोलत असणार, असं बाईंना वाटलं. कपाटांच्या रांगेला वळसा घालून त्यांनी बाईंना कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं. भोवती सहा खुर्च्या होत्या. पाचांवर धूळ होती.

"इतक्या खुर्च्या कशाला?" बाईंनी विचारलं.

"पूर्वीच्या आहेत. पूर्वी कसं होतं, लायब्ररी आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकाच गाठोड्यात. एकाला नवी लायब्ररी हवी झाली की सगळ्यांची यंत्रं बंद. सगळं उतरवा, सगळं नव्याने चढवा. दोन दोन दिवस. सगळे शास्त्रज्ञ इथे खाली येऊन बसायचे. माझं गणित कधी सुरू होणार मामा, माझं आधी लावा मामा. डोकं खायचे अगदी."

"आणि आता?"

"आता वरच्या मजल्यावर ती पोरगी आहे ना, लायब्ररीवाली, तिने लायब्ऱ्या वेगळ्या काढल्या. ऑपरेटिंग सिस्टीम माझी, लायब्ररी तिची. ती वरच्यावर नवी आवृत्ती आणून ठेवते, मला पत्ताही लागत नाही. चांगली पद्धत आहे. कुणाचं काम थांबत नाही." मामांनी एका खुर्चीवरून हात फिरवला आणि धुळीकडे पाहिलं. "कुणी खालीही येत नाही."

"तुम्ही विरोध केला होतात म्हणे."

"केला होता. भर बैठकीत. लपवू कशाला?"

"नेमकं काय म्हणालात?"

मामांनी हाताची धूळ झटकली. मग पंख्यांवर ताण करत म्हणाले, "म्हणालो, एक दिवस तुमचा तो वेगळा कप्पा रिकामा होईल, आणि तेव्हा सगळे झक मारत माझ्याकडे याल."

३

लायब्ररीवाली तिशीच्या आतबाहेरची होती आणि तीन दिवस नीट जेवलेली दिसत नव्हती. बाईंनी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मामांनी केलेलं नाही."

"तुमचं तर त्यांच्याशी पटत नाही, असं ऐकलं."

"पटत नाहीच. ते मला पोरगी म्हणतात. पण म्हणून काय वाटेल ते बोलायचं?" तिने कागदावर दोन चौकोन काढले. "हे बघा. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर असते. लायब्ऱ्या इथे, एका वेगळ्या सामाईक साठ्यावर. ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना हा साठा आम्ही सोडवूनच ठेवतो. म्हणजे मामांनी खाली आग लावली तरी धग इथपर्यंत पोचणार नाही. त्यासाठीच तर वेगळं केलं! रविवारी संध्याकाळी सहाला मी साठा परत जोडला, तेव्हा जुना फोल्डर जागेवर होता. डोळ्यांनी पाहिला."

"हे संचालकांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या भांडणात मला ओढू नका."

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. म्हणजे अपग्रेडने फोल्डर गेला नव्हता. सहानंतर कुणीतरी हाताने काढला होता. "साठ्यावर लिहायचा, पुसायचा अधिकार कुणाला आहे?"

"सामाईक खातं आहे एक, लायब्ऱ्या वेगळ्या काढण्याच्या आधीपासूनचं. त्याचा पासवर्ड मला माहीत, मामांना माहीत. संचालकांना दिलेला आहे, पण त्यांना स्वतःचाही आठवत नाही, दर सोमवारी मला विचारायला येतात. आणि इथले एक शास्त्रज्ञ आहेत, धाकटे सर, ते पूर्वी यंत्रसमितीवर होते, त्यांना. सहा वर्षांत बदललेला नाही. माझीच चूक."

"जुनी लायब्ररी परत मिळेल?"

"बांधता येईल. कुठून काय घेतलं, कसं जुळवलं, सगळी टिपणं आहेत माझ्याकडे. एक दिवस लागेल."

"आणि ती एक्केचाळीस गणितं?"

"त्यातली बरीचशी मी नव्या लायब्ररीवर चालूही करून दिली. शेवटच्या आकड्यांत किंचित फरक पडेल, पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. इतकी खटपट करून कुणीतरी फोल्डर उडवला, आणि नुकसान म्हणाल तर दोन दिवसांच्या धावपळीचं. हे काही गळी उतरेना.

"असं एखादं काम होतं का," त्यांनी सावकाश विचारलं, "जे नव्या लायब्ररीवर करून चालणारच नाही? जुनीच हवी?"

लायब्ररीवालीने क्षणभर विचार केला. मग तिचा चेहरा बदलला. "एक होतं. पण ते बंद पडलेलं नाही. ते सुरूच व्हायचं होतं. सोमवारी सकाळी नऊला."

"कुणाचं?"

"थोरल्या सरांचं. ते गेले मागच्या मे महिन्यात."

४

थोरले आणि धाकटे हे सख्खे भाऊ. दोघंही त्याच संस्थेत शास्त्रज्ञ. थोरल्यांनी वीस वर्षं एकच प्रश्न धरून ठेवला होता: मातीच्या बांधातून पाणी झिरपत राहिलं तर बांध नेमका कुठे आणि कधी फुटतो. उत्तर येता येईना. मग ते आजारी पडले आणि तीन मेला गेले. पुढे ऑक्टोबरात धाकट्यांना त्यांच्या फोल्डरमध्ये एक पूर्ण झालेलं गणित सापडलं. फाइलवर तारीख बारा एप्रिल. उत्तर अचूक होतं. डिसेंबरात ते थोरल्यांच्या एकट्याच्या नावाने छापून आलं, आणि आता त्यांना मरणोत्तर सन्मान मिळणार होता. सन्मानाआधी गणित ज्या लायब्ररीवर झालं तिच्यावरच पुन्हा करून छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचं, असा नियम होता. तशी सूचना आठवडाभर फलकावर लागलेली होती.

धाकट्यांच्या खोलीत दोन टेबलं होती. एकावर कागदांचा ढीग. दुसरं रिकामं, पण पुसलेलं, खुर्ची नीट आत सरकवलेली. बाईंनी बसायला ती ओढली तेव्हा धाकट्यांचा हात किंचित पुढे आला आणि मागे गेला. बाई उभ्याच राहिल्या.

"दादाची," ते म्हणाले. "बसा ना. तशी रिकामीच आहे."

पाठीमागे लोक काय बोलतात ते बाईंनी चहाच्या यंत्रापाशी ऐकलं होतं. धाकटे आयुष्यभर भावाच्या सावलीत राहिले. थोरल्यांचा सन्मान त्यांच्या डोळ्यांत खुपत असणार.

"मामांबद्दल तुमचं काय मत?" बाईंनी विचारलं.

"भला माणूस आहे. त्याला उगाच धारेवर धरलंय." धाकटे मनापासून बोलत होते. "अहो, ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की जुन्या चार गोष्टी जातातच. दरवेळी जायच्या. त्यात मामाचा काय दोष? संचालकांना मी स्वतः सांगणार आहे, याला चूक म्हणू नका म्हणून."

बाईंनी मान हलवली आणि आभार मानले. दाराशी पोचल्यावर त्या वळल्या. "तुमच्या भावाच्या घरी कोण असतं आता?"

"वहिनी. एकट्याच असतात. मी रोज संध्याकाळी जातो." मग जरा थांबून, "जातो आणि बसतो. बोलायला काही नसतं दोघांकडे."

जिन्यात बाई रेलिंगला धरून उभ्या राहिल्या. गुन्हेगार सापडल्याचं समाधान त्यांना वाटलं नाही. त्यांना फक्त घरी जावंसं वाटलं, आणि घर म्हणजे कुठे, हे आठवेना. मग त्या वर गेल्या आणि लायब्ररीवालीला म्हणाल्या, "जुनी लायब्ररी बांधा. आजच सुरू करा."

५

गुरुवारी दुपारी जुनी लायब्ररी पुन्हा उभी राहिली. थोरल्यांचं गणित तिच्यावर लावलं. चार तासांनी आकडे आले. लायब्ररीवालीने छापलेला तक्ता शेजारी धरला आणि पेन्सिलीने एकेक आकडा टिपत गेली.

"दहा आकड्यांपर्यंत बरोबर," ती म्हणाली. "अकराव्याला चुकतंय. सगळ्या ओळींत."

"उत्तर चुकीचं आहे?"

"नाही, नाही. उत्तर तेच आहे. बांध तिथेच फुटतो. हा फरक बेरजेच्या क्रमाचा. एकशेवीस यंत्रांचे आकडे एकत्र करायचे, तर कुणाचा आधी आणि कुणाचा नंतर हे लायब्ररी ठरवते. प्रत्येक बेरजेला शेपटाकडचा बारीकसा भाग कापला जातो. क्रम बदलला की कापणं बदलतं. जुन्या लायब्ररीचा क्रम एक, नवीचा दुसरा. दोन्ही बरोबर, पण शेपटी वेगवेगळी."

"म्हणजे शेपटीवरून ओळखता येईल, गणित कुठल्या लायब्ररीवर झालं ते?"

लायब्ररीवाली यंत्राकडे वळली. तिने तेच गणित नव्या लायब्ररीवर लावलं. दोघी समोरासमोर बसून राहिल्या. मधे मामा वर आले, बहुधा वर्षातून पहिल्यांदाच, आणि दाराशी घुटमळले. लायब्ररीवालीने न बोलता एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

आकडे आले. या वेळी पेन्सिल कुठेच थांबली नाही. अकरावा जुळला, बारावा जुळला, शेवटच्या ओळीतला शेवटचा आकडासुद्धा जुळला.

"नवी लायब्ररी इथे कधी आणलीत?" बाईंनी विचारलं.

"ऑगस्टमध्ये." लायब्ररीवालीचा आवाज खाली गेला. "तिची पहिली प्रत जगात बाहेर पडली तीच जुलैत."

मामा एकदा मुलीकडे, एकदा बाईंकडे पाहत राहिले. "अहो पण थोरले तर मे महिन्यात..." ते म्हणाले, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच त्यांचा आवाज आपोआप हळू झाला.

६

शुक्रवारी सकाळी बाई धाकट्यांच्या खोलीत गेल्या. तक्ता त्यांनी धाकट्यांसमोर ठेवला. धाकट्यांनी तो पाहिला, अकराव्या रकान्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कशावरून ठरवलंत, मी म्हणून? आकड्यांवरून?"

"आकड्यांवरून 'का' ते कळलं. 'कोण' ते त्याआधी कळलं होतं," बाई म्हणाल्या. "फोल्डर रविवारी काढला गेला, म्हणजे काढणाऱ्याला वाटत होतं की दोष अपग्रेडवर जाईल. मामांना ठाऊक होतं की तो जाऊ शकत नाही, लायब्ऱ्या वेगळ्या आहेत. त्या मुलीने तर त्या स्वतःच वेगळ्या केल्या. दोघांपैकी कुणी हा आडोसा निवडलाच नसता. संचालक विमानात होते. उरला एकच माणूस. मला तुम्ही म्हणालात, सिस्टीम बदलली की जुन्या गोष्टी जातातच. पूर्वी जायच्या, सर. आता जात नाहीत. तुम्ही समिती सोडल्यावर ते बदललं."



"मामावर येईल असं मला वाटलं नव्हतं," धाकटे म्हणाले. "मला वाटलं, यंत्राचं काम म्हणून सोडून देतील."

"उत्तर तुम्ही काढलंत ना?"

"सप्टेंबरात. दादाचे कागद आवरत होतो. एक जागा दिसली. एकच. वीस वर्षं त्याच्या समोर होती. मी गणित लावलं आणि ते आलं, बाई. दोन दिवसांत आलं." त्यांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. "सांगायला वळलो. सवयीने."

बाईंनी खिडकीबाहेर पाहायचं नाटक केलं.

"माझ्या नावावर लावलं असतं तर तो हरलेला ठरला असता. मग तारीख बदलून त्याच्या फोल्डरमध्ये ठेवलं. लायब्ररी नवी आली होती हे डोक्यातच नव्हतं. तक्ता छापून गेला, आता बदलणार कसा? आणि मग ती सूचना लागली. जुन्या लायब्ररीवर ताडून पाहणार म्हणून. ती लायब्ररीच नसली तर ताडणं राहून जाईल, असं वाटलं."

"मला आज संध्याकाळी लिहून द्यायचंय."

"त्याआधी मी संचालकांना सांगतो. मामाची माफी मागतो. ते अवघड नाही." धाकट्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. "वहिनींना कसं सांगू? त्यांच्याकडे दुसरं आहे काय? तुम्ही येता का बरोबर? मी एकटा दारातूनच परत येईन."

बाईंना असं कुणी कुठे बोलावलं त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या बरं म्हणाल्या.

७

वहिनींचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडून त्यांनी दिराकडे पाहिलं, मग अनोळखी बाईंकडे, आणि काही न विचारता आत घेतलं. छापील तक्ता बाहेरच्या खोलीत चौकटीत लावलेला होता.

धाकट्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. तारीख, लायब्ररी, फोल्डर, मामा. एका दमात, शाळेत मास्तरांसमोर सांगावं तसं. वहिनी ऐकत होत्या. मधे त्यांनी एकदाच त्या चौकटीकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

धाकट्यांनी चौकटीकडे पाहिलं.

"लायब्ररी-बियब्ररी मला काय कळणार? पण जाण्याच्या आदल्या दिवशी हे मला म्हणाले, राहिलं. एवढंच म्हणाले. एप्रिलात काम पुरं झालेला माणूस मे महिन्यात राहिलं कशाला म्हणेल? तुम्ही ऑक्टोबरात तो कागद घेऊन आलात, तेव्हाच समजले मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या आनंदाने आला होतात भाऊजी. हे गेल्यापासून पहिल्यांदाच तुमचा चेहरा जरा बरा दिसत होता. म्हटलं, यांना द्यायचंय काहीतरी, तर देऊ दे. मी घेतलं." त्यांनी चौकट भिंतीवरून काढली आणि मांडीवर घेतली. "पण खरं सांगू? रोज हे समोर बघायचं म्हणजे परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटायचं. सगळं पुरं करून गेलेला माणूस माझ्या ओळखीचा नाही. माझा नवरा राहिलं म्हणत गेला. तो मला परत द्या."

 धाकटे खाली, जमिनीवरच बसले.

वहिनी उठल्या. खणातून चष्मा काढला, एक पेन्सिल काढली, आणि चौकटीतला कागद सोडवून दिरासमोर पसरला. "वीस वर्षं मी याच घरात होते. एवढं काय अडलं होतं, ते मला कुणी कधी सांगितलं नाही. यांनाही मी विचारलं नाही, त्रास नको म्हणून. आता तुम्ही सांगा. सावकाश सांगा, मला गणित येत नाही. कुठे चुकलं यांचं?"

धाकट्यांनी पेन्सिल घेतली. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक बांध काढला, त्यामागे पाणी काढलं, आणि मातीत बारीक बारीक ठिपके देत गेले.

"दादाने असं धरलं होतं," ते म्हणाले, "की पाणी जाताना माती जागेवरच राहते. ती राहत नाही, वहिनी. कण कण सरकत असते. बाहेरून दिसत नाही इतकंच."

"बरं. मग?" वहिनी पुढे सरकल्या.

बाई दाराशी उभ्या होत्या. इथे आता आपलं काही काम नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं. आत दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.